जोमाकाकाचा हुतात्मा

आमच्या जोमाकाकाला दोनदा श्रद्धांजली वाहिली गेली. पहिल्या वेळी तो घरीच होता, लुंगी-बनियनवर, आणि रडत आलेल्या पाहुण्यांना त्याने जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. दुसरी श्रद्धांजली गेल्या हिवाळ्यात झाली, ती मात्र खरी. त्या वेळी आग्रह करणारं कोणी नव्हतं, त्यामुळे लोक अर्धा अर्धा कप चहा घेऊन लवकर पांगले.

पहिल्या श्रद्धांजलीला कारण झाला धर्मातात्या. धर्मातात्या म्हणजे जोमाकाकाच्या वडिलांचा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धात तो एका इंग्रजी मालवाहू बोटीवर आगवाला होता, म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा टाकायचं काम. बोट शत्रूच्या हाती लागली, बोटीवरचे सगळे कैद झाले आणि तात्या त्या कैदेतच मेला. त्याच्याबरोबर कैदेत असलेला, उरणजवळच्या मोऱ्याचा एक खलाशी लढाई संपल्यावर परत आला. तो एकदा आमच्या गावी घणसोलीला येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मुलूख थंडीचा व्हता. खायाला नव्हता. धर्मा तिथंच गेला." मग तांब्याभर पाणी प्यायला आणि निघून गेला. धर्मातात्याच्या मरणाबद्दल आमच्या घराण्याकडे असलेली एकूण माहिती एवढीच. बाकी सगळं जोमाकाकाचं.

तात्या मेला तेव्हा काका जन्मालाही आला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण काकाच्या तोंडून ऐकणाऱ्याला वाटे की शेवटच्या घटकेला तात्याचं डोकं यानेच मांडीवर घेतलं होतं. तात्याने पहारेकऱ्याला काय सुनावलं, पहारेकऱ्याचा चेहरा कसा पडला, कॅम्पाच्या साहेबाने तात्याला बघून टोपी कशी काढली, हे सगळं काका साभिनय सांगायचा. साहेबाची टोपी काढताना स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेल काढायचा. काकाचा देह मोठा, आवाज त्याहून मोठा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत त्याची उभी हयात गेली, आणि तिथल्या मशीनच्या वर आवाज काढायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. गावठाणातल्या घरावर त्याने तीन मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. नव्या भाडेकरूला आधी तात्या ऐकावा लागे, मग चावी मिळे. नांदेडकडचा एक पोरगा वर राहायचा. त्याला तात्या इतका पाठ झाला होता की काका बाहेरगावी असला की नव्या भाडेकरूंना तोच ऐकवायचा, आणि काकूच्या मते जास्त चांगला ऐकवायचा.

जेवायला बसलेल्या माणसाची तर सुटकाच नव्हती. तुम्ही तिसऱ्यांदा भात नको म्हणालात की काका भाताचा डाव हवेत धरून थांबायचा आणि आवाज एकदम खाली आणायचा. "कैदेत उपाशी मेला आमचा तात्या." माणूस ताट पुढे करायचा. मी सीवूड्सला टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून डाएटवर आहे, असं एकदा सांगून पाहिलं. त्या दिवशी मला चौथ्यांदा भात मिळाला.

हा सगळा डोलारा ज्याच्या नावावर उभा होता, त्या तात्यासाठी काकाला एकच गोष्ट करता येत नव्हती. त्याला तात्याच्या नावाचं पान ठेवता येत नव्हतं. आणि तेवढीच एक गोष्ट त्याला मनापासून हवी होती.

आमच्याकडे सर्वपित्रीला गच्चीवर पानं ठेवतात. घरातल्या मेलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारायची, त्याचं पान मांडायचं आणि कावळा शिवेपर्यंत कोणी जेवायचं नाही. आजा, पणजा, बाळंतपणात गेलेल्या दोन बाया, सगळ्यांची पानं असायची. तात्याचं नसायचं. कारण तात्याची बायको, आमची नामीआजी, हिने तो मेला हे कधी मानलंच नाही. खलाशाचं म्हणणं तिने एका वाक्यात निकालात काढलं होतं: "त्याना माती देताना त्यानी सोता बगला का? नाय ना? मग?" म्हातारी होऊन मरेपर्यंत ती कपाळभर कुंकू लावत होती आणि हातात हिरव्या बांगड्या घालत होती. गावात कोणाची छाती झाली नाही तिला काही म्हणायची. शेवटचं दुखणं आलं तेव्हा तिने काकाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली. "माज्या नावाचा पान ठेव. त्यांच्या नावाचा ठेवू नको. ते आयले आनि आपल्याच घरावं आपला पान बगला, तर दारातना माघारी जातील. हिरा हो बोलंपर्यंत नाय ठेवाचा."

हिरा म्हणजे तात्याची एकुलती एक मुलगी, आमची हिराआत्या. तात्या बोटीवर गेला तेव्हा ती पाळण्यात होती. पुढे तिला मोऱ्याला दिली. आत्या अंगाने काटकुळी, जिभेने तिखट, आणि काका तिला जेवढा घाबरायचा तेवढा कंपनीच्या मॅनेजरला घाबरत नसे. दर भाद्रपदात काका तिच्याकडे जायचा, ओट्यावर बसायचा आणि विचारायचा, "बाय, औंदा ठेवू का पान?" आत्या म्हणायची, "नाय." मग काका जेवायचा आणि परत यायचा. असं वर्षानुवर्षं चाललं.

पान ठेवता येत नाही म्हटल्यावर काकाने तात्याला बाकी सगळीकडे ठेवायला सुरुवात केली. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत त्याचं भाषण ठरलेलं. पोरं उन्हात उभी, झेंडा वर, आणि काका माइकवर. माइकची गरज नसायची, पण मान म्हणून लागायचा. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "आजोबा, मागच्या वर्षी तुम्ही सांगितलेलं की त्यांना जर्मनीवाल्यांनी पकडलं. आता जपानवाले म्हणताय." बाई तिला खाली बसवायला लागल्या. काका जरासुद्धा डगमगला नाही. म्हणाला, "दोघांनी पन पकडला. आमचा तात्या एका जागेवं थांबनारा मानूस नव्हता." टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली, पण तिचा चेहरा बघून ती पुढे नाव काढणार हे मला कळलं.

फ्लेक्सचं प्रकरण त्यानंतरचं. तात्याचा फोटो कोणाकडेच नव्हता. आगवाल्याचा फोटो कोण काढतो? फ्लेक्सवाल्या पोराने फोटो मागितला तेव्हा काका म्हणाला, "आमच्या घरान्याचा चेरा एकच हाय," आणि खिशातून स्वतःचा पासपोर्ट फोटो काढून दिला. पोरगा हौशी निघाला. त्याने त्या फोटोला लष्करी टोपी घातली, मिशा पिळदार केल्या, छातीवर पदकं चिकटवली, हातात बंदूक दिली आणि मागे दोन रणगाडे व एक विमान सोडलं. कोळशाचं फावडं मात्र त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. खाली मोठ्या अक्षरात 'युद्धकैदी हुतात्मा धर्मा यांना भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्या खाली शुभेच्छुक म्हणून घरातल्या सगळ्यांचे फोटो, त्यात पुन्हा काका, गॉगल लावून. श्रद्धांजलीला शुभेच्छुक नसतात असं मी म्हटलं. काका म्हणाला, तुला सोसायटीत राहून गावची रीत कळेनाशी झाली.

गावच्या नाक्यावर फ्लेक्स चढला आणि कोणीतरी त्याचा वरचा अर्धा भाग मोबाइलवर काढून पुढे पाठवला. काकाचा चेहरा आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली', एवढंच. दुपारपर्यंत तो उरणला काकाच्या व्याह्यांकडे पोचला. टोपी आणि बंदूक बघूनही त्यांना शंका आली नाही, कारण काका काहीही करू शकतो याबद्दल त्यांची खात्री होती. टेम्पो ठरवून पंधरावीस माणसं निघाली. बाया गल्लीच्या तोंडापासून रडत आल्या. दार काकानेच उघडलं. विहीणबाईंनी त्याला बघून जी किंकाळी फोडली ती वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनीही ऐकली. व्याही हातातला हार मागे लपवायला लागले. दोन मिनिटांत काकूने सगळा उलगडा केला, त्यानंतर तिने कपाळावर हात मारून घेतला तो बराच वेळ काढला नाही. काकाला मात्र यात अडचण अशी काहीच दिसली नाही. हार त्याने घेतला, फ्लेक्सला घालायला. "आयलाव ना? मंग जेवून जा. कैदेत उपाशी मेला आमचा तात्या." मंडळी जेवली. चांगली जेवली.

खरी शोभा झाली ती चौकाच्या वेळी. महापालिकेच्या निवडणुका येणार येणार म्हणून वातावरण होतं, आणि गावातला एक इच्छुक उमेदवार कशालाही नाव द्यायला तयार होता. पानपट्टी, गॅरेज आणि उभे असलेले दोन पाण्याचे टँकर यांच्या मधल्या जागेला चौक ठरवण्यात आलं. पाटी आली: 'स्वातंत्र्यसैनिक हुतात्मा धर्मा चौक'. काका तात्याचा पुतण्या या नात्याने फेटा बांधून उभा होता. हुतात्म्याची कन्या म्हणून हिराआत्याला खास गाडी पाठवून आणलं होतं. आणि मग उमेदवाराने आपल्या आयुष्यातली एक मोठी चूक केली. त्याने आत्याच्या हातात माइक दिला.

आत्याने माइककडे आधी नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "माजा बाप कोलसा टाकाला गेलता. बोट इंग्रजाची, लढाई इंग्रजाची, राजा पन इंग्रजाचाच. घरात तांदूल नव्हता म्हनून गेला. तिथं पन खायाला नाय भेटला म्हनून मेला. याच्यात देशाचा काय हाय, ता मना कोनी सांगा." आत्याने पदराने घाम पुसला. "नसंल सांगाचा तर नारल फोडा. ऊन लागतंय." उमेदवाराने जोरात टाळ्या वाजवल्या. तो सगळ्यालाच वाजवायचा. काका मात्र फेट्याचा शेमला हातात धरून पाटीकडे बघत राहिला. परतीच्या गाडीत बसण्याआधी आत्याने त्याला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते मी जवळ उभा असल्यामुळे ऐकलं. "तू पान मागतंस ना दरवर्साला? कसा देऊ? तू त्याचा पन फ्लेक्स लावशील."

निवडणुका पुढे गेल्या. पाटीवर उमेदवाराच्या वाढदिवसाचा बॅनर चढला, तो फाटला, मग दुसऱ्या कोणाच्या वाढदिवसाचा आला. काकाने एरवी गाव डोक्यावर घेतलं असतं. या वेळी तो काही बोलला नाही. पंधरा ऑगस्टला शाळेतून बोलावणं आलं तेव्हा गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. मला वाटलं, खरंच गुडघे असतील. काकाबद्दल साधं कारण पटकन पटत नसे, पण वय झालं होतं.

त्याच वर्षी भाद्रपदात त्याने मला फोन केला. मोऱ्याला जायचं आहे, गाडी काढ. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, आणि जोमाकाका शेजारी बसून गप्प असणं याची सवय नसल्यामुळे माझा दोनदा रस्ता चुकला. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी पायरीवर बसलो. काका नेहमीसारखा तिच्या शेजारी बसला.

"बाय, मना एक सांगाचा हाय."

"सांग. माईक आनलास का?"

काकाने ते कानाआड केलं. "नामीकाकी रोज रातच्याला त्यांच्या वाट्याचा भात काढून झाकून ठेवाची. तुला ठाव हाय."

"ठाव हाय."

"सकालला ता कोन खायाचा?"

आत्याचा हात सुपात थांबला.

"मी खायाचो," काका म्हणाला. "काकी मना उठवून द्यायाची. बोलाची, काल पन नाय आयले, जोमा, तू खा. मी चांगला मोठा होईपर्यंत खाल्ला. ते तिथं भुकेनी मेले, आनि मी हितं त्यांचा भात खाऊन वाढलो. बग कवडा वाढलो." त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. हसवायचं म्हणून नव्हे, दाखवायचं म्हणून. "लोकांना वाढतंय, वाढतंय, पन ज्याचा खाल्ला त्यालाच नाय वाढला. एक पान, बाय. फ्लेक्स नाय, माईक नाय. एक पान मना त्याना देऊ दे."

इतकी वर्षं आम्ही सगळे, मी धरून, या माणसाच्या भाताच्या डावाला हसत आलो होतो. मला पायरीवरून उठून जावंसं वाटलं, पण उठलो नाही.

आत्या सुपातले खडे बाजूला काढत होती. मग वर न बघता म्हणाली, "मी पन तिथंच निजायची, जोमा. तुज्या बाजूला. मना पन भूक लागायची."

काकाचं तोंड उघडं राहिलं. ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी आलीच नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तात्याला साहेबाने टोपी काढलेली त्याला दिसली होती, आणि शेजारच्या गोधडीतली बहीण दिसली नव्हती. नामीआजी चांगली होती, पण तिच्या हिशेबात नवऱ्याच्या वाट्याचं घरातल्या मुलग्याने खायचं असतं. पोरीला विचारायची पद्धत नव्हती.

"बाय..." काका म्हणाला आणि त्याने टॉवेल डोळ्यांना लावला.

"रडू नको. म्हातारा झालास," आत्या म्हणाली. "सर्वपित्रीला मना न्यायाला गारी पाठव. पान मी मांडीन. तू गप बसाचा."

सर्वपित्रीला मी तिला मोऱ्याहून घणसोलीला आणली. काकूने वडे, खीर, अळूची भाजी सगळं केलं होतं. आत्याने पदराखालच्या डब्यातून भाजलेला सुका बोंबील काढून तात्याच्या पानावर ठेवला. काकू म्हणाली, "आत्या, पितरांच्या पानावर बोंबील?" आत्या म्हणाली, "आगवाला व्हता तो, भटजी नव्हता." तीन मजले ती भिंतीला धरून चढली. कोणाचा हात घेतला नाही.

गच्चीवर भर दुपारचं ऊन. चारी बाजूंना टॉवर, त्यातून आधी आली ती कबुतरं. कावळ्याच्या आधी कबुतरं शिवली तर काय होतं याचं शास्त्र आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून काका टॉवेल घेऊन त्यांच्या मागे धावला. गुडघे त्या वेळी बरे दिसले. बाकीच्यांची पानं एकेक करून शिवली गेली. तात्याच्या पानाकडे एक कावळा टाकीवर बसून नुसता बघत होता. खाली काकूच्या नातवंडांना भूक लागली होती, त्यांचा आरडाओरडा वर ऐकू येत होता.

काकाने गप्प बसायचं कबूल केलं होतं. तो बराच वेळ गप्प बसलाही. पण अडलेला कावळा बघून त्याच्याने राहवेना. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याच्या मनात काही राहिलं आहे, आणि ते पुरं करायचं वचन द्यायचं, अशी आमच्यातली समजूत. काकाने हात जोडले. "तात्या, चौकाची पाटी मी परत लावून घेतो." कावळा हलला नाही. "तात्या, पुतला बसवतो. फायबरचा नाय, खरा." कावळ्याने चोच टाकीला घासली. "तात्या, शालेला तुमचा नाव..."

"जोमा," आत्या म्हणाली, "त्याना जेवू दे."

ती पानापाशी गेली, वाकली आणि पानावरचा बोंबील जरा पुढे सरकवला. बापाचा चेहराही तिला आठवत नव्हता. हाक मारताना तिचा आवाज कापेल असं मला वाटलं होतं. तो कापला नाही. घरातल्या माणसाला बोलवावं तशी ती बोलली.

"बाबा, आये गेली. आता घरात कोन वाट बगत नाय. जेवून घे."

कावळा आला. बोंबलाच्या वासाने आला असेल, मी त्यावर वाद घालणार नाही. त्याने बोंबील उचलला, कठड्यावर नेऊन फाडला, आणि मग भातात चोच घातली. काका मला धरून उभा होता, आणि त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं होतं.

पुढच्या सर्वपित्रीला काका नव्हता. त्याचं पान ठेवलं तेव्हा कावळ्याने क्षणाचाही उशीर केला नाही. काकू म्हणाली, जेवणाच्या बाबतीत त्यांनी कधी उशीर केलाय? ती हसत होती आणि डोळे पुसत होती. पण काका म्हटलं की मला आठवतो तो आदल्या वर्षीचा, गच्चीवरून खाली उतरल्यानंतरचा. पाट मांडले होते. त्या घरात पहिला पाट नेहमी काकाचा. त्याने तिथे आत्याला बसवलं, काकूच्या हातातून भाताचं पातेलं घेतलं आणि गुडघे दुखत असतानाही तिच्या ताटापुढे खाली बसला. त्याने तिला भात वाढला. मग अजून वाढला. कैदेबद्दल, तात्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

"बाय, आजून?"

"वाढ," आत्या म्हणाली, "हात आखडू नको."

तिच्याने एवढा भात संपणार नव्हता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तिने पुरे म्हटलं नाही, आणि काका वाढत राहिला.